भोंगा उशिरा झाला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला माझ्या बीपीच्या गोळ्यांपासून ऑफिसातल्या भांडणांपर्यंत सगळं ठाऊक आहे — एवढं सोडून. आई-बाबा गेले, त्यांच्या कानावरही हे कधी गेलं नाही. आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, ती माझी धाकटी बहीण वैशाली, तिला तर आजही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. बघा — सुरुवातच भित्रेपणानं झाली.

मागं एकदा एका कॉलेजानं मला भाषणाला बोलावलं होतं. क्लास न लावता, घरी बसून मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास कसा करावा, हा विषय. मी झकास बोललो. अशी भाषणं मला छान जमतात, पोट भरायचा धंदाच आहे तो माझा. शेवटी एका मुलीनं उठून विचारलं, ‘सर, घरी एकट्यानं अभ्यास करताना आपण किती पाण्यात आहोत हे कळतं कसं?’ प्रश्न अगदी बरोबर होता. क्लासमध्ये आजूबाजूला पोरं असतात, त्यांच्याकडं बघून आपली पायरी कळते. घरी काय असतं? मी म्हणालो, ‘एखादा प्रामाणिक सोबती शोधा आणि घड्याळ त्याच्या हातात द्या.’ टाळ्या पडल्या. प्रामाणिक सोबती! माझी जीभ रेटली तरी कशी?

तर — घड्याळाचंच सांगायचं आहे.

आम्ही जबलपूरचे. आजोबा वर्ध्याकडून नोकरीसाठी इकडं आले आणि इथलेच झाले. बाबा सरकारी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत चार्जमन, म्हणजे सेक्शनवरचे सुपरवायझर होते, घर खमरियाला, फॅक्टरीच्याच क्वार्टरमध्ये. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. आणि सगळ्या वस्तीवर भोंग्याचं राज्य. सकाळचा भोंगा झाला की सायकली, स्कुटरी बाहेर पडत. दुपारचा झाला की जेवायची सुट्टी संपली. घरोघरची घड्याळं त्या भोंग्यावर लावली जायची. रेडिओवरची वेळ आणि भोंग्याची वेळ जुळली नाही, तर आमच्याकडं लोक रेडिओला हसायचे.

बाबांना खेळांची फार आवड. फॅक्टरीच्या वार्षिक स्पर्धांत शर्यतीची वेळ घ्यायला तेच असायचे. क्लबानं नवं स्टॉपवॉच घेतलं तेव्हा जुनं बाबांकडंच राहिलं — जड, गोल, तळहातात गच्च बसणारं. त्यांच्या सेक्शनचा माणूस धावायला उभा राहिला की बाबा ते घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि स्वतः बाजूला होऊन उभे राहायचे. त्यांना तसं करायला कोणी सांगितलेलं नव्हतं. लहानपणी मला त्याचा भारी अभिमान वाटायचा. तेच घड्याळ पुढं माझ्या हातात आलं.

त्या काळी या परीक्षेचा धड क्लास आमच्या गावात नव्हता. इंटरनेट घरोघरी यायचं होतं. पोस्टानं जाडजूड पाकिटं मागवायची, सराव-पेपर सोडवायचे आणि स्वतःच तपासायचे. मी एकदा परीक्षा देऊन आपटलो होतो आणि दुसऱ्यांदा बसणार होतो. वैशाली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. माझी पाकिटं चाळता चाळता तिलाही गोडी लागली. म्हणाली, ‘भैया, मी पण बसू?’ मीच बाबांना विचारलं. खरंच, मीच. त्या दिवसापर्यंत मी चांगला भाऊ होतो हे मला नोंदवायचं आहे — आणि नोंदवून काय उपयोग, तेही मला कळत नाही.

बाबा हो म्हणाले, पण एका अटीवर. अमरावतीकडून, नागपूरकडून स्थळं येऊन राहिली होती. ‘या वर्षी दे परीक्षा,’ ते तिला म्हणाले, ‘नंबर लागला तर मी स्वतः सोडायला येईन. नाही लागला तर मग मले थांबा म्हणू नको.’ म्हणजे मला पुन्हा पुन्हा बसायची मुभा होती, तिला हे एकच वर्ष. हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

आमची पद्धत ठरली. शनिवारी दुपारी समोरच्या खोलीत पेपर. एक जण सोडवणार, दुसरा घड्याळ धरणार, मग उलट. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक डोक्यात जाते म्हणून ते स्वयंपाकघरात नेऊन टांगलं. सोडवणाऱ्यानं मनगटावर काही बांधायचं नाही, मान वर करायची नाही. घड्याळ धरणारा ‘टाइम’ म्हणेल त्या क्षणी पेन्सिल खाली. हे नियम मीच केले, आणि करताना माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं. घड्याळाकडं बघण्यात आपला वेळ जातो, असं कुठल्याशा गाईडात वाचलं होतं.

गणितात मी बरा होतो. पण इंग्रजीचे ते लांबलचक उतारे — वाचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं द्या — तिथं माझी गाडी अडायची. वैशालीची तिथंच सुटायची. तिनं फॅक्टरी इस्टेटच्या लायब्ररीतली इंग्रजी पुस्तकं शाळेपासून वाचून काढली होती. ती उताऱ्यावरून नुसती नजर फिरवायची, आणि उत्तरांच्या गोलांवर तिची पेन्सिल कशी न थांबता सरकायची! मी घड्याळ धरून बसायचो आणि बघायचो. आधी कौतुकानं बघत होतो. मग कधीपासून वेगळं बघायला लागलो, सांगता येत नाही.

एका शुक्रवारी जेवताना बाबांनी आमचे दोघांचे पेपर शेजारी ठेवून पाहिले आणि हसत म्हणाले, ‘अबे, पोरगी तर तुले मागं टाकून राहिली!’ आई पण हसली. वैशाली लाजली, म्हणाली, ‘काही नाही जी बाबा, भैयाचं गणित पाहा नं.’ मीही हसलो. पोळीचा घास मात्र तोंडात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. वैशाली खिडकीपाशी मान खाली घालून बसलेली, वेणी पुढं ओढलेली. शेवटचा उतारा चालला होता आणि तो ती आरामात पुरा करणार हे मला दिसत होतं. घड्याळात वेळ होता. चांगला होता.

मी म्हणालो, ‘टाइम.’

तिनं पेन्सिल ठेवली. त्याच क्षणी. एक गोल अर्धा काळा झाला होता, तोही तिनं पुरा केला नाही. ‘अरे! संपला पण?’ एवढंच म्हणाली. हात थरथरला, घसा कोरडा पडला, असं काही लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. मी घड्याळाचं बटण दाबून काटा शून्यावर आणला आणि म्हणालो, ‘आज जरा मागं पडलीस.’

एकदाच केलं असतं तर आज हे लिहीत बसलो असतो का? कदाचित थट्टा म्हणून विसरूनही गेलो असतो. पण पुढच्या शनिवारी पुन्हा केलं. मग त्याच्या पुढच्या. कधी थोडा वेळ मारला, कधी बराच. नुसत्या गणिताचा पेपर असला की मी तिला पुरेपूर वेळ द्यायचो — कारण तिथं ती माझ्या मागंच होती. चोरी करतानाही मी हिशेबी होतो! आणि माझ्या पाळीला ती घड्याळ धरायची तेव्हा? दाराशी कोणी आलं, आईनं हाक मारली, की ती लगेच घड्याळ थांबवायची. ‘तुझा वेळ नको जायला,’ म्हणायची.

आता भोंग्याचं सांगतो. इतका वेळ मी त्याच्याच भोवती फिरतोय.

परीक्षा तोंडावर आली होती. त्या शनिवारी आम्ही जेवणानंतर लगेच बसलो. पेपर संपणार त्याच्या बऱ्याच आधी दुपारचा भोंगा व्हायचा, हे मला ठाऊक असायला हवं होतं. खमरियात वाढलेला मुलगा मी. पण आपल्याच धुंदीत होतो. भोंगा व्हायच्या आधीच ‘टाइम’ म्हणून मोकळा झालो. वैशालीनं पेन्सिल ठेवली, पाणी प्यायला उठली, आणि भोंगा झाला. ती तांब्या हातात घेऊन दारातच थबकली.

‘भैया, भोंगा तर आता झाला. मग टाइम कसा काय संपला?’

तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, हो. नुसतं कोडं पडलं होतं. तेवढ्यात मला सगळं सांगून टाकता आलं असतं. ‘अगं, थट्टा केली तुझी’ म्हणता आलं असतं. तिनं पाठीत एक धपाटा घातला असता आणि विषय संपला असता. मी काय म्हणालो?

मी म्हणालो, ‘आज भोंगा उशिरा झाला.’

तिनं तांब्यावरचं भांडं काढलं. मग म्हणाली, ‘अच्छा. काहून बरं?’ आणि पाणी प्यायली. झालं. तुम्हाला कदाचित हे एवढंसं वाटेल. पण ज्या वस्तीत सूर्य चुकेल पण भोंगा चुकायचा नाही असं मानतात, तिथल्या पोरीनं माझ्यासाठी भोंगा खोटा मानला. पलीकडं स्वयंपाकघरात भिंतीवरचं घड्याळ होतं. चार पावलं टाकून ती बघू शकत होती. बघितलं नाही. भैया सांगतोय म्हटल्यावर बघायचं कशाला?

त्या आठवड्यात मी तिला एक सल्लाही दिला. वडीलकीच्या सुरात. म्हणालो, ‘वैशू, उताऱ्यांत तुझा फार वेळ जातो. परीक्षेत ते शेवटी ठेव, नाही जमले तर सोडून दे. गणित पकड.’ तिनं मान हलवली. वेगाचा धसका तिनं घेतलेलाच होता. आता ती प्रत्येक प्रश्नावर घाई करायची, अडखळायची, खोडायची. मी जे खोटं सांगत होतो ते हळूहळू खरं व्हायला लागलं होतं. ते बघून मला वाईट वाटलं का? तुम्हाला खरंच सांगतो — हायसं वाटलं.

परीक्षेचं केंद्र नागपूरला होतं. आदल्या दिवशी आम्ही दोघं गाडीनं गेलो, काकांकडं उतरलो. पेपर झाल्यावर ठरल्याप्रमाणे चहाच्या टपरीपाशी भेटलो. ती माझ्या आधीच येऊन उभी होती. चेहरा उतरलेला. म्हणाली, ‘उतारे शेवटी ठेवले होते रे तुझ्या सांगण्यावरून. मग घाबरून दोन सोडूनच दिले. गणितातच ठोकत बसली. आणि तुला गंमत सांगू? शेवटी वेळ उरला! मी नुसती बसून राहिली. परत उतारे उघडायची हिंमत नाही झाली.’ मग म्हणाली, ‘तिथलं घड्याळ मागं होतं वाटते.’

भोंगा उशिरा. घड्याळ मागं. जगातली सगळी घड्याळं तिनं चुकीची ठरवली, एक माझं सोडून.

मी चहा घेतला. तिलाही घेऊन दिला. परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकवून झोपली आणि मी समोरच्या माणसाबरोबर क्रिकेटच्या गप्पा मारल्या. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. बाबांच्या पाया पडून ‘तिला अजून एक वर्ष द्या, चूक माझी आहे’ एवढं म्हणायचं होतं. गाडीत ते वाक्य मनात तयारही होतं. घरी पोचल्यावर बाबांनी विचारलं, ‘कसा गेला?’ मी म्हणालो, ‘माझा बरा गेला.’

माझा नंबर लागला. तिचा लागला नाही. बाबांनी माझे पेढे वाटले आणि तिला पाहायला पाहुणे बोलावले. यात त्यांनी कुणावर अन्याय केला असं मला म्हणता येणार नाही. त्यांनी शब्द दिला होता आणि तो पाळला. माझा चेहरा लपवायला त्यांचा आडोसा घेणं मला शोभणार नाही.

वैशालीचं सासर जबलपुरातच, गढ्याला आहे. माणसं चांगली आहेत. लग्नानंतर तिनं एका सरकारी ऑफिसात कारकुनाची नोकरी धरली, आणि त्याच खुर्चीवर अजून आहे. वरच्या जागेसाठी खात्याची परीक्षा असते. तिच्यासोबतच्या, तिच्या मागून आलेल्या बायका ती देऊन पुढं गेल्या. ती कधी बसलीच नाही. ‘टाइम बांधलेला पेपर माझ्यानं होत नाही, भैया,’ असं मला फोनवर म्हणाली होती, सहज, भाजी चिरता चिरता. बँकेत फॉर्म भरताना ती मागच्या माणसाला पुढं जाऊ देते. स्टेशनवर गाडीच्या कितीतरी आधी जाऊन बसते. घरात तिची थट्टा चालते — मम्मीला वेळ लागतो, मम्मीला नका घाई करू. सगळ्यात मोठ्यानं तीच हसते.

आणि दर भाऊबीजेला ओवाळून झालं की कोणी ना कोणी बसलेलं असतंच, त्याला सांगते, ‘भैयानं माझ्यावर किती मेहनत घेतली म्हणून सांगू! दर शनिवारी स्वतःचा अभ्यास सोडून माझ्यासाठी घड्याळ घेऊन बसायचा. मीच मंद निघाली.’ मी खाली ताटातल्या सुपारीकडं बघत असतो. लोकांना वाटतं, माणूस मोठा झाला पण पाय जमिनीवर आहेत.

या दिवाळीचंच सांगतो, म्हणजे संपलं.

तिची मुलगी रेवा आता तीच परीक्षा देतेय. तीही घरीच अभ्यास करते. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. ‘मामा, टाइमर लगा दो ना, मम्मी कहती है आप बेस्ट टाइमकीपर हो.’ मी फोनवर वेळ लावला. या खेपेला बरोबर लावला — आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, इतका मी निर्लज्ज आहे. वैशाली लसूण सोलत शेजारी बसली होती. रेवाच्या पेपराची जादा प्रत तिथं पडली होती. तिनं हात पुसले, चष्मा चढवला, पेन्सिल घेतली आणि म्हणाली, ‘पाहू तर, काही येते का अजून.’

मी दोघींकडं बघत होतो. रेवा हुशार आहे, ओठ चावत वाचत होती. वैशालीची नजर उताऱ्यावरून फिरली, आणि पेन्सिल सरकायला लागली — तशीच, न थांबता. खिडकीपाशी बसलेली ती पोरगी मला इतक्या वर्षांनी पुन्हा दिसली. रेवाचा शेवटचा उतारा सुरूही झाला नव्हता, तेव्हा हिनं पेन्सिल ठेवली, लसणाची ताटली उचलली आणि कुकर बघायला उठली. तिचा कागद मी ओढून घेतला, रेवाच्या पुस्तकातल्या उत्तरांशी ताडून पाहिला. उत्तरं बरोबर होती.

मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेलो. फोन हातात होता, आकडे अजून पळत होते. म्हणालो, ‘वैशू, तुझा टाइम —’

‘नको सांगू, बाप्पा!’ तिनं हसत हात जोडले. ‘माहीत आहे मले माझं. तू तरी बिचारा किती वर्षं सांगशील?’

नुसता फोन तिच्यापुढं धरायचा होता. बोलायचंही नव्हतं, आकडेच बोलले असते. पण मग तिनं विचारलं असतं — आज असं, तर तेव्हा तसं कसं? तिनं विचारलं असतंच, ती हुशार आहे. मी फोन खिशात टाकला. त्या दिवशी बाबांचा धाक नव्हता, नंबर हुकायची भीती नव्हती, स्थळं आलेली नव्हती. जे केलं ते या वयात, पोट भरलेलं असताना, सगळं समजून केलं.

थोड्या वेळानं तिनं पानं वाढली. वाटीत वरण ओतताना म्हणाली, ‘उशीर झाला न, भैया? भूक लागली असंल तुले. माझं मेलं लवकर काही होतच नाही.’

बाहेरच्या खोलीत रेवाचा पेपर अजून चालला होता. पेपर संपल्यावर जेवायचं ठरलं होतं, त्याच्या कितीतरी आधी ताट माझ्यासमोर आलं होतं. मी ‘चालते गं’ म्हणालो आणि जेवायला सुरुवात केली.